धुरापासून विमानाचे इंधन



विमानाच्या जेट एंजिनात जळणारे इंधन म्हणजे एके काळी आपल्या स्टोव्हमध्ये जळणारे रॉकेलच होय. ते अधिक शुद्ध केलेले असते, इतकेच. उंचावरील थंडीत ते गोठू नये आणि थोड्या वजनात पुष्कळ उष्णता मिळावी, एवढी एंजिनाची अपेक्षा असते. ते भूगर्भातून आले की तेलबियांतून, याची विचारपूस एंजिन करीत नाही. मोटारगाडी बॅटरीवर चालते. परंतु समुद्र ओलांडणाऱ्या विमानाला तेवढ्या बॅटरीचे वजन पेलवत नाही. म्हणून खनिज तेलाला पर्याय शोधण्याचे काम येथे रसायनशास्त्राच्या वाट्याला आले आहे.

मात्र हे काम प्रयोगशाळेत संपत नाही. जेनिफर होल्मग्रेन या विदुषींचे चरित्र या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांचे बालपण कोलंबियात गेले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली आणि तेलशुद्धीकरणाचे तंत्र पुरविणाऱ्या यूओपी कंपनीत वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. त्याचबरोबर शिकागो विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवीही घेतली. यूओपीत त्यांच्या नेतृत्वाखाली वनस्पतितेलापासून जेट इंधन बनविण्याची पद्धत विकसित झाली. हायड्रोजनच्या साहाय्याने तेलातील ऑक्सिजन काढून टाकावयाचा आणि उरलेल्या कर्बसाखळ्यांची पुनर्रचना करावयाची, हे तिचे सूत्र. ३० डिसेंबर २००८ रोजी एअर न्यूझीलंडच्या एका विमानाच्या चारांपैकी एका एंजिनात मोगली एरंडाच्या तेलापासून केलेले असे इंधन निम्म्या प्रमाणात वापरण्यात आले.

रसायन साधले, पण तेवढे तेल आणावयाचे कोठून? वापरलेले खाद्यतेल व चरबी मर्यादितच मिळते, आणि तेलबियांसाठी जमीन वळविली तर अन्नधान्याशी स्पर्धा उभी राहते.

२०१० साली होल्मग्रेनबाईंनी न्यूझीलंडमध्ये स्थापन झालेल्या लांझाटेक कंपनीचे प्रमुखपद स्वीकारले. या कंपनीचा कच्चा माल म्हणजे पोलाद कारखान्यांच्या धुराड्यांतून वाया जाणारा कार्बन मोनॉक्साइड वायू. सशाच्या लेंड्यांत प्रथम सापडलेला एक जिवाणू हा विषारी वायू खाऊन मद्यार्क तयार करतो. मद्यार्कातून पाण्याचा अंश काढला की एथिलीन मिळते, त्याचे रेणू एकमेकांस जोडून लांब साखळ्या बनतात, आणि त्यांवर हायड्रोजनची प्रक्रिया केली की जेट इंधन सिद्ध होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचे विमान असे इंधन मिसळून ओर्लँडोहून लंडनला गेले. हे इंधन जळतानाही कर्बवायू सुटतोच. लाभ असा, की एकदा वापरलेला कर्ब दुसऱ्यांदा कामी येतो आणि तेवढे खनिज तेल जमिनीत राहते.

खरी कसोटी त्यानंतर लागते. मद्यार्कापासून इंधन करण्यासाठी २०२० मध्ये लांझाजेट ही वेगळी कंपनी निघाली. जॉर्जिया राज्यातील तिच्या कारखान्याचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. इंधन बाहेर पडावयास मात्र २०२५ साल उजाडले. त्याच वर्षी लांझाटेकवर मोठे आर्थिक संकट कोसळले. २०२४ मध्ये जगात अशा इंधनाचे उत्पादन सुमारे दहा लाख टन झाले. विमानांच्या एकूण गरजेत ते अवघे ०.३ टक्के भरते. शिवाय त्याची किंमत नेहमीच्या इंधनाच्या दुपटीहून अधिक पडते.

हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नाही. पाणिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात लांझाटेकच्याच तंत्राने वायूपासून मद्यार्क करण्याचा प्रकल्प उभा राहिला आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याच्या प्राज कंपनीने इंडियन ऑइलच्या सहकार्याने केलेले इंधन मिसळून पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेले. भारतातून परदेशी जाणाऱ्या विमानांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, तर २०३० मध्ये पाच टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठरले आहे.

बेळगाव-कोल्हापूरच्या साखर कारखान्यांत मद्यार्क तयार होतोच. त्याला ही नवी बाजारपेठ लाभू शकेल. पण उसाला पाणी लागते, आणि त्या मद्यार्काला पेट्रोलकडूनही मागणी आहे. तेव्हा कोणत्या मालापासून, किती पाणी खर्चून आणि कोणत्या दराने हे इंधन करावयाचे, याचा हिशेब कारखाना उभारण्यापूर्वीच मांडावा लागेल. रसायनशास्त्र जाणणारी माणसे या धंद्याच्या प्रमुखपदी हवीत, ती याचसाठी.