पावती की मतपेटी?
18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. वाटाघाटीचा हक्क मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला, कारण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार तोच ‘प्रातिनिधिक’ संघ होता. कामगार एकीकडे, मान्यता दुसरीकडे. दोष मोजणीच्या पद्धतीत होता. महाराष्ट्रात मान्यता ठरत आली ती सभासद नोंदवही आणि वर्गणीच्या पावत्या तपासून. पण पावती फाडताना समोर युनियनचा माणूस उभा असतो. मतपेटीपाशी कामगार एकटा असतो.

गुप्त मतदानाने चुरस वाढेल, क्षणिक लाटेवर निकाल लागेल, नियमित वर्गणी हीच खरी निष्ठा, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पण ठरावीक मुदतीची मान्यता हा त्यावर उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात गुप्त मतदानाची कार्यपद्धती आखून दिली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक युनियन असल्यास, हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट आहे. तो पाठिंबा मतपेटीतूनच मोजला जावा. ज्याच्या पगाराचा करार होतो, त्याचे मत आधी घेतलेच पाहिजे.