पट्ट्यावरचा ट्रॅक्टर : हिमवाटेपासून काळ्या मातीपर्यंत

उज्जैनच्या पंचक्रोशीत पावसाळ्यात ज्याने एकदा तरी पायपीट केली आहे, त्याला काळ्या मातीचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच माती पायातली वहाण ओढून घेते. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी आलेल्या वादळी पावसाने मंडप कोसळले, माणसे दगावली आणि क्षिप्राकाठचे तळ चिखलात रुतले. त्याचे साक्षीदार आपल्या माजी विद्यार्थ्यांतही असतील. अशा भूमीवर बसून हिमप्रदेशातील वाटांची चर्चा करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु मऊ भूमीवर जड यंत्र कसे चालवावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे आणि त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी एकच आहे.

शाळेत शिकलेले साधे सूत्र आठवावे : भाराला क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. उदाहरणासाठी २,००० किलो वजनाचा ट्रॅक्टर घेऊ. त्याची चार चाके मिळून भूमीला २,००० चौरस सेंटिमीटर स्पर्श करीत असतील, तर दर चौरस सेंटिमीटरवर १ किलो भार पडेल. आता चाकांऐवजी ३० सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर भूमीला टेकणारे दोन पट्टे बसवू. पट्ट्यांचे ४५० किलो वजन वाढले तरी स्पर्शक्षेत्र ९,००० चौरस सेंटिमीटर होते आणि दाब सुमारे पाव किलोवर येतो. साठ किलोचा माणूस एका पावलावर तोलून उभा राहिला, तर त्याचा दाब याहून अधिक भरतो. जेथे माणूस रुततो तेथे यंत्र तरून जाते, याचे रहस्य एवढेच.

हा विचार प्रत्यक्षात आला तोही हिम आणि दलदल या दोन भूमींवरच. अमेरिकेतील मेन प्रांतात आल्विन लोंबार्ड याने १९०१ मध्ये लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या यंत्राचे एकस्व घेतले. त्याच्या मागच्या बाजूस पट्टे होते आणि बर्फावर वळण्यासाठी पुढे घसरपट्ट्या होत्या. १९०४ मध्ये कॅलिफोर्नियातील बेंजामिन होल्ट याने नदीमुखाजवळच्या भुसभुशीत शेतजमिनीसाठी आपल्या ट्रॅक्टरला पट्टे चढविले. पुढे १९२५ मध्ये त्याची व बेस्ट यांची कंपनी एकत्र येऊन ‘कॅटरपिलर’ उदयास आली.

कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रांतांत हिवाळ्यात स्नोमोबाइल नावाच्या हिमगाड्या लांबलांबच्या वाटांवरून धावतात. त्यांच्या वेग घेण्याने व थांबण्याने वाटेवर लाटांसारखे उंचवटे पडतात. ते मोडण्यासाठी ट्रॅक्टरमागे एक लांब सांगाडा ओढला जातो. त्याची पुढची पाती उंचवटे खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडतात आणि मागचा रुंद तवा ते हिम पसरून दाबतो. आपल्याकडे वखर माती मोकळी करतो आणि मैंद ढेकळे फोडून रान सपाट करते. ही दोन्ही कामे तेथे एकाच ओढीत होतात. मोडलेले हिमकण जवळ आले की स्पर्शाच्या जागी ते हळूहळू एकमेकांना जुळतात आणि काही तासांत थर कठीण होतो.

या कामासाठी खास यंत्रे मिळतात. पण स्थानिक मंडळे अनेकदा शेतीचा ट्रॅक्टर घेऊन त्याला चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवितात. असा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, त्याचे सुटे भाग गावात मिळतात आणि पट्टे काढले की तो उन्हाळ्यात शेतात जुंपता येतो. मर्यादाही आहेत. खास यंत्राच्या मानाने त्याचा दाब अधिक असतो, त्यामुळे खोल, न दाबलेल्या हिमात तो रुततो आणि आडव्या उतारावर कलंडण्याचे भय असते.

या मर्यादांची सर्वांत कठोर परीक्षा दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर झाली. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी फर्ग्युसन कंपनीच्या तीन लहानशा शेती-ट्रॅक्टरांना पट्टे चढविले आणि ४ जानेवारी १९५८ रोजी ते चार सहकाऱ्यांसह ध्रुवावर पोहोचले. वाटेत हिमाच्या भेगा होत्या. मऊ हिमात चाल मिळावी म्हणून सामान टाकावे लागले. पोहोचताना इंधन अगदी थोडे उरले होते. नांगरासाठी घडविलेले यंत्र पृथ्वीच्या टोकाला गेले खरे, पण त्यासाठी त्याचा भार हलका करावा लागला.

आपल्या माळव्याचाही या कथेत वाटा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मध्य भारत, भोपाळ आणि लगतच्या प्रदेशांत कांस गवताने मोठे क्षेत्र पडीक पाडले होते. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती आवरत नाहीत. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने प्रथम अमेरिकी सैन्याच्या शिल्लक यंत्रांनी काम आरंभिले. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. पट्ट्यांवरचे हे अजस्र ट्रॅक्टर उन्हाळ्यात खोल नांगरट करीत आणि उघडी पडलेली मुळे उन्हात वाळत. १९५५ मध्ये नर्मदाकाठी बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले.

मात्र पट्टा हा सर्व दुखण्यांवरचा उतारा नव्हे. वरच्या थरावरचा दाब स्पर्शक्षेत्राने कमी होतो, परंतु खोलवर मातीचे दडपणे बरेचसे यंत्राच्या एकूण वजनावर अवलंबून असते. ओल्या काळ्या रानात अवजड यंत्र घातले, तर ते वर न रुतताही खाली घट्ट थर निर्माण करू शकते. त्या थरातून मुळे आणि पाणी नीट उतरत नाहीत आणि ही हानी शेतकऱ्याला पीक पिवळे पडेपर्यंत दिसत नाही. सोयाबीनची कापणी लांबलेल्या पावसात सापडली, की यंत्र शेतात घालण्याची घाई होते. धोका नेमका तेथेच असतो.

म्हणून हिमवाटेवरच्या चालकाची शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो बहुधा रात्री काम करतो. रहदारी थांबलेली असते, गारठा वाढलेला असतो आणि दाबलेल्या हिमाला आळून येण्यास सकाळपर्यंत अवकाश मिळतो. दुपारच्या विरघळत्या हिमावर उत्तम यंत्रही वाट बिघडवते. आपला शेतकरी ‘वाफसा’ येण्याची वाट पाहतो, ती याच ज्ञानापोटी. माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, अशा वेळी साधा वखरही उत्तम काम देतो.

ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमतो, त्या गुरुजनांनी दाबाचे सूत्र फळ्यावर लिहिले होते. त्याचा अर्थ उमगण्यास फळ्यापासून रानापर्यंत जावे लागते. २०२८ चा सिंहस्थ याच मातीवर भरणार आहे. तेथे रस्ते आखणाऱ्यांनी आणि शेतात यंत्र नेणाऱ्यांनी आधी भूमीला विचारावे, मग यंत्राला.