विश्लेषण : एस्प्रेसो यंत्रात पांढरा थर का जमतो? यवतमाळच्या पाण्यात ते टिकवायचे कसे?

ऑनलाइन मागवले की एस्प्रेसो यंत्र यवतमाळ, वणी, पुसद कुठेही घरपोच येते. त्याची दुरुस्ती जाणणारा माणूस मात्र गावात सहजी मिळत नाही. त्यामुळे कॉफीची धार बारीक होणे, पंपाचा आवाज वाढणे, वाफेचा जोर कमी होणे ही लक्षणे दिसली की यंत्र बिघडले असे समजून ते माळ्यावर टाकण्याआधी आत जमलेल्या क्षारांचा विचार करायला हवा.

हा थर कशाचा?

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. हे क्षार पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपात असतात. पाणी तापले की वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला सिमेंट कारखाना उभा राहिला तो तिथल्या चुनखडीमुळे. ती चुनखडी आणि किटलीच्या बुडाचा थर, दोन्ही मुख्यतः एकच पदार्थ. गिझरमध्येही तो जमतोच, पण एस्प्रेसो यंत्रात सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी अगदी अरुंद वाटांतून जाते, म्हणून तिथे थोडा थरही नडतो. शिवाय तो उष्णता अडवतो, त्यामुळे पाणी हव्या त्या तापमानाला पोहोचत नाही आणि कॉफी आंबटसर, पाणचट लागते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही यंत्राची वाट लावू शकते.

थर कमी म्हणजे पाणी चांगले?

नाही, आणि यवतमाळ जिल्ह्यात हा गैरसमज महागात पडू शकतो. पांढरकवडा, झरी जामणी या भागांतील भूजलात फ्लोराइडची समस्या जुनी आहे. मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅम, आणि पर्याय नसल्यास १.५ पर्यंतच असावे. जास्त झाल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे-सांध्यांवर परिणाम होतो. गंमत अशी, की पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फार वाढू देत नाही. उलट जास्त फ्लोराइडचे भूजल अनेकदा कमी कॅल्शियमचे असते. अशा बोअरच्या पाण्याने यंत्र स्वच्छ राहील, पण ते पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटले तर त्याचे प्रमाण वाढतेच. पाणी मृदू करणारे साधे सॉफ्टनरही ते काढत नाही. टीडीएस मीटर केवळ एकूण विरघळलेल्या घटकांचा अंदाज देतो. कठीणपणा किती आणि फ्लोराइड किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेणेच योग्य.

सफाई कशी करावी?

आधी माहितीपुस्तिका पाहावी, कारण ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर कंपनीने सांगितलेलेच द्रावण वापरणे बरे. इतर यंत्रांसाठी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व पुरते. एक लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम पूर्ण विरघळवून टाकीत भरावे. कॉफी भरायची दांडीची वाटी काढून ठेवावी, थोडे द्रावण पाण्याच्या तोंडातून आणि थोडे वाफेच्या नळीतून सोडावे, मग यंत्र बंद करून १५-२० मिनिटे थांबावे. उरलेले त्याच प्रकारे सोडून दोन टाक्या साधे पाणी फिरवावे. प्रमाण वाढवून फायदा नाही. द्रावण तीव्र आणि फार गरम असेल तर कॅल्शियम सायट्रेटचे कण बनून तेच नळ्यांत अडकू शकतात. व्हिनेगरचा वास रेंगाळतो. संडास साफ करायचे ॲसिड तर चुकूनही नको.

दर दोन-तीन महिन्यांनी सफाई पुरते, बोअरच्या कठीण पाण्यावर लवकर लागते. कॉफीच्या तेलाचा चिकटा लिंबूसत्त्वाने निघत नाही, त्याची गोळी वा पावडर वेगळी मिळते. दूध फेसाळल्यावर मात्र नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी. वाळलेले दूध नंतर खरवडत बसणे कटकटीचे.

मग पाणी कोणते घालावे?

तपासणीत फ्लोराइड मर्यादेत निघाले असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी उकळून, निवळू देऊन वरचे गाळून घेणे. बराचसा थर मग पातेल्यातच राहतो. फ्लोराइड जास्त असेल तर आरओ हवे. पण आरओचे पाणी अगदीच क्षारहीन असल्यास कॉफी सपक लागते, आणि ज्या यंत्रांत पाण्याची पातळी विजेच्या वहनावरून ओळखली जाते, त्यांना टाकी भरलेली असूनही ती रिकामी वाटू शकते. अशा वेळी त्यात तपासलेले नळाचे पाणी थोडे मिसळावे. टीडीएस १५०च्या आसपास आला की कॉफीलाही चव येते.