औषध योजनेत, मुक्काम फुटपाथवर!

रक्ताचा कर्करोग झाला असे कळले की आपल्या वस्तीत आजही एकच वाक्य ऐकू येते, "आता काय उरलं?" १९३१ साली हे वाक्य खरे होते. त्या वर्षी सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई ल्युकेमियाने गेल्या. पैशाला तोटा नव्हता, विलायतेत उपचार झाले, तरी त्या वाचल्या नाहीत. कारण औषधच नव्हते. पुढे टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. आज चित्र नेमके उलटे आहे. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून प्रगत देशांत दहापैकी जवळपास नऊ मुले बरी होतात. औषध आहे. मग राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडचे आपले लेकरू का दगावते?

याचे उत्तर औषधात नाही, घरात आहे. या आजाराचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. पहिले काही महिने तर दवाखान्याच्या आसपासच राहावे लागते. आईबाप दोघेही शेतमजूर असतील तर एकाची मजुरी पहिल्याच दिवशी बुडते. दुसरा गावात राहून बाकीची लेकरे सांभाळतो आणि उसनवारी करत फिरतो. शेळी विकली जाते, बचत गटाचे कर्ज निघते, मग सावकार. चार महिन्यांनी मूल जरा खेळू लागते, अंगावर मांस धरते. आईबापांना वाटते, बरे झाले. ते महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरला परततात आणि पुढच्या तारखेला जात नाहीत. दवाखान्याच्या कागदावर 'रुग्ण परत आला नाही' एवढी नोंद होते. का आला नाही, हे तो कागद सांगत नाही. थोड्या दिवसांनी आजार उलटतो, आणि तेव्हा मात्र तो आवरत नाही.

आता मुक्कामाचा प्रश्न पाहा. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. अशा मुलाला रात्री ताप आला तर सकाळची वाट पाहून चालत नाही. तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. त्याला स्वच्छ पाणी, शिजवलेले ताजे अन्न, गर्दीपासून दूर अशी जागा लागते. म्हणजे मुक्काम हा उपचाराचाच भाग आहे. एकीकडे मोफत औषध द्यायचे आणि दुसरीकडे त्या लेकराला परळच्या फुटपाथवर झोपू द्यायचे, याला उपचार कसे म्हणायचे?

ही गोष्ट कोल्हापूरला कुणी नव्याने शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी केवळ शाळा उघडून हात झटकले नाहीत. खेड्यातले पोर शहरात राहणार कुठे, जेवणार काय, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि बोर्डिंगे काढली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले ते याच विचाराने. फी माफ झाली तरी पोटाला भाकरी आणि डोक्यावर छप्पर नसेल तर हक्क कागदावरच राहतो, हे महाराजांनी ओळखले होते. शिक्षणाला जे लागू, तेच उपचाराला लागू.

संत गाडगेबाबांनीही हेच जाणले. १९५४ साली त्यांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही बाहेरगावच्या कर्करुग्णांचा आधार आहे. मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून काम करते. उपचार सुरू असलेले मूल आणि आईबाप यांना ती मोफत राहायला जागा देते. अशा ठिकाणी जागा मिळवायला रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. ती मागायची असते, हेच आपल्या माणसाला ठाऊक नसते.

हक्कांचेही तसेच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन सीपीआरमधल्या, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यातल्या, आरोग्यमित्राला भेटावे. उपचारासाठी रेल्वेने जाताना कर्करुग्णाला स्लीपर व थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला हवा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही.

बुडालेल्या मजुरीचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकरांकडे दिले गेले. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराला औषधासोबत बुडालेल्या पगाराचा हिस्साही मिळावा, हे त्यातले तत्त्व. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला कर्करोग झाला तर हा लाभ दीर्घकाळ मिळू शकतो. पण ऊसतोड मजूर, मोलकरीण, सफाईचा कंत्राटी माणूस? आजारी लेकराजवळ बसलेली आई? त्यांच्यासाठी मजुरीभरपाईची मागणी आपण लावून धरली पाहिजे. मागितल्याने मिळते. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरील गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, तर भारतीय कंपन्या तीच गोळी आठ-दहा हजारांत देत होत्या. त्या गोळीच्या पेटंटविरुद्ध कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था लढली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारणारा निकाल दिला.

आता थोडे आपल्याविषयी. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली मंडळे रक्तदान शिबिरे घेतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ल्युकेमियाच्या रुग्णाला वारंवार प्लेटलेट लागतात, आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. जयंतीला दिलेले रक्त मेच्या उन्हाळ्यात त्याच्या कामी येत नाही. म्हणून शिबिराबरोबर वहीही हवी: रक्तगट, फोन नंबर, शेवटच्या रक्तदानाची तारीख. मध्यरात्री फोन आला तर उठून जाणारी वीस तरुण पोरे प्रत्येक तालुक्यात असली तरी पुष्कळ झाले.

जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांपुढे एवढेच मांडतो. प्रत्येक तालुक्यात एकाने या योजनांची कागदपत्रे शिकून घ्यावीत. कोल्हापुरात समाजाच्या ताब्यात असलेल्या एखाद्या इमारतीतली एक स्वच्छ खोली दूरच्या तालुक्यांतून उपचाराला येणाऱ्या कुटुंबासाठी राखावी. आणि मूल बरे वाटून गावी परतले की कुणीतरी त्या घरी जावे, पुढची तारीख विचारावी, तिकिटाचे पैसे आहेत का ते पाहावे. या एका फेरीने एखादे लेकरू वाचेल. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई रुग्णाच्या दारी स्वतः गेल्या होत्या. आपण निदान गल्लीतल्या दारापर्यंत जाऊ या.