मानसिक आरोग्याची चळवळ व रुग्णाची साक्ष

मनोरुग्णाच्या कथनाकडे दीर्घकाळ आजाराचे लक्षण म्हणूनच पाहिले गेले. त्यास साक्षीचे मोल नव्हते. अमेरिकेतील क्लिफर्ड बीअर्स यांनी तीन रुग्णालयांतील स्वानुभव १९०८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला व त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केली. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला. त्यामागे मनोरुग्णालयात राहिलेल्या आईचे जीवन होते.

या अनुभवास भारतात कायदेशीर वजन आले ते मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मुळे. कलम ५ नुसार कोणाही सज्ञान व्यक्तीस, आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आगाऊ लिहून ठेवता येते. पूर्वी भोगलेल्या उपचारांची आठवण येथे प्रथमच दस्तऐवज ठरते. अर्थात, तातडीच्या उपचारांना हा निर्देश लागू नाही. शिवाय डॉक्टर वा नातलग त्यात बदल मागू शकतात. कलम १४ अन्वये प्रतिनिधीही नेमता येतो. तो नातेवाईकच असावा, असे बंधन नाही. ज्यांची उपेक्षा घरातच झाली, त्यांच्या दृष्टीने ही तरतूद अधिक मोलाची म्हणावी लागेल.