सायकलस्वाराचे पादत्राण : खोलीतले आणि रस्त्यावरचे

व्यापाऱ्याचे जीवन बैठकीचे. सकाळी पेढी उघडली की दिवेलागणीपर्यंत गादी सुटत नाही, आणि मग मधुमेह व रक्तदाब हे बिनबोलाविलेले पाहुणे घरात मुक्काम ठोकतात. अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा सायकलीचा व्यायाम सुचवितात. कोणी व्यायामशाळेतील स्थिर सायकल पत्करतो, कोणी पहाटे रस्त्याची वाट धरतो. दोहोंसाठी बाजारात खास बूट मिळतात. ते घ्यावेत की नाही, आणि घ्यावेत तर कोणते, याचा विचार आपण येथे करू. आपल्या समाजापुरता यात आणखी एक प्रश्न आहे, तो चामड्याचा.

साध्या बुटाचा तळ मऊ असतो. पेडलवर जोर देताना तो वाकतो, सारा दाब एकाच जागी येतो आणि काही वेळाने बोटे बधिर होतात. सायकलच्या बुटाचा तळ नायलॉन अथवा कार्बनच्या मिश्रणाचा व ताठ असल्याने दाब सर्वत्र विभागला जातो. तळाला स्क्रूने बसविलेला लहान तुकडा, ज्यास क्लीट म्हणतात, तो पेडलमध्ये अडकतो व टाच बाहेर वळविताच सुटतो. बर्फावरील घसरपट्ट्यांची बंधने बनविणाऱ्या फ्रान्सच्या लुक कंपनीने 1984 साली असे पेडल बाजारात आणले. 1985 साली बर्नार इनो याने तेच वापरून फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत जिंकली. पुढे 1990 साली जपानच्या शिमानो कंपनीने दोन स्क्रूंची लहान क्लीट काढली.

म्हणून मुख्य प्रकार दोन. तीन स्क्रूंची क्लीट मोठी व तळाबाहेर आलेली असते. वेगवान स्वारीस ती उत्तम, परंतु तीवर चालणे अवघड. शहाबादी फरशीवर तर पाय घसरलाच म्हणून समजावे. दोन स्क्रूंची क्लीट तळाच्या खाचेत बसते, त्यामुळे चार पावले सुखाने चालता येते.

खोलीतील वर्गात वारा नसतो, घाम मात्र भरपूर येतो. तेथे जाळीदार व हलका बूट हवा. तेथील पुष्कळ सायकलींचे जड चाक पेडलशी जोडलेले असते. आपण थांबलो तरी पेडल फिरतच राहते. तेव्हा लोंबत्या नाड्या टाळाव्यात, पट्ट्याचा बूट बरा. खरेदीपूर्वी तेथील पेडल पाहून यावे. कित्येक ठिकाणी पेडलच्या एका बाजूस दोन स्क्रूंची सोय व दुसरीस साध्या बुटासाठी पिंजरा असतो. पिंजरा असेल, तर घरचा ताठ तळाचा कॅनव्हास बूटही चालतो. नवा खर्च कशाला?

रस्त्याची गोष्ट निराळी. उसाच्या गाड्या, गुरे, वेशीवरची गर्दी, यांमुळे पाय वारंवार टेकावा लागतो. कलबुर्गीकडील काळी माती पावसाळ्यात क्लीटमध्ये घट्ट बसते आणि मग ती ना धड अडकते ना सुटते. म्हणून खाचेतील क्लीट, रबरी पकड आणि बोटांपाशी मजबूत बांधणी पाहावी. नवशिक्याने प्रथम सपाट पेडल व पकड असलेला बूटच वापरावा. क्लीट लावल्यावर पेडलची पकड सैल ठेवून, भिंतीचा आधार घेऊन टाच सोडविण्याचा सराव करावा. रहदारीत पाय न सुटणे म्हणजे आडवे पडणे होय.

आता चामडे. आज बहुतेक बूट कृत्रिम धाग्यांचे असतात, तथापि केवळ रूपावरून निर्णय करू नये. 1994 च्या युरोपीय नियमानुसार तेथील बुटांवर वरचा भाग, अस्तर व तळ यांची चिन्हे असतात. कातड्याचा आकार म्हणजे चामडे, विणलेली जाळी म्हणजे कापड, आणि चौकट म्हणजे इतर पदार्थ. कातड्यात चौकट असेल तर ते मुलामा दिलेले चामडेच. डिंक कशाचा, हे मात्र ही चिन्हे सांगत नाहीत. ते निर्मात्यास विचारावे. सायकलच्या बैठकीसही हाच नियम लावावा.

माप सायंकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, नेहमीचे मोजे घालून घ्यावे. टाच उचलू नये, बोटे हलावीत. दोन्हीकडे जावयाचे असल्यास खाचेतील क्लीटचा एकच जोड पुरतो. दुसरा घेणे हा निव्वळ परिग्रह.

आपले साधु-साध्वी अनवाणी विहार करतात व ईर्यासमितीने चार हात पुढची भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. गृहस्थास तितके जमणार नाही. परंतु चातुर्मासात जीवजंतूंनी भरलेला रस्ता सोडून खोलीत व्यायाम करणे, एरवी नजर मार्गावर ठेवणे, आणि पायातील वस्तू कोणाच्या कातड्याची नाही याची खात्री करून घेणे, एवढे आपल्या प्रत्येक घरास सहज साधेल.