अठरा पूर्ण झाल्यावर पोटगी कोणाला?

आई-वडील विभक्त झाले, किंवा त्यांच्यापैकी एकाने मुलांच्या खर्चातून अंग काढून घेतले, तर न्यायालय मुलांसाठी दरमहा रक्कम ठरवून देते. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार मूल अठरा वर्षे पूर्ण होताच सज्ञान होते आणि पोटगीच्या बहुतेक आदेशांची मुदत तिथेच संपते. हे वय साधारण बारावीचे. कॉलेजची फी, वसतिगृह, पुस्तके हा मोठा खर्च त्यानंतरच सुरू होतो. पुढेही पोटगी मिळेल का, हे तीन गोष्टींवर ठरते: मागणारा मुलगा आहे की मुलगी, शरीराने-मनाने कमावण्यास समर्थ आहे की नाही, आणि मागणी कोणत्या कायद्याखाली केली आहे.

सर्व धर्मीयांना लागू असलेली तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून ओळखली जात असे. ऐपत असूनही जबाबदारी टाळणाऱ्या व्यक्तीविरुद्ध तिच्याखाली अर्ज करता येतो. अज्ञान मुलाला, मग ते विवाहसंबंधातून जन्मलेले असो वा नसो, ही पोटगी मिळते. सज्ञान मुलाला मात्र ती एकाच स्थितीत मिळते: शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा इजेमुळे त्याला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर. अशा मुलाच्या हक्काला वयाची मर्यादा नाही; विवाहित मुलीला तेवढे यातून वगळले आहे. निव्वळ व्यंग असणे पुरेसे नाही, त्यामुळे कमावता येत नाही हे दाखवावे लागते. म्हणून वैद्यकीय कागदपत्रे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांना अशा अर्जात महत्त्व असते.

सुदृढ पण अविवाहित मुलीला आधार मिळतो तो हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मधून. हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या कलम २० ने मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि वडील दोघांवरही टाकली आहे. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तर अठरा वर्षांनंतरही ही जबाबदारी कायम राहते. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार हे सारे या कायद्यातील निर्वाहात मोडते. अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही.

या दोन कायद्यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न हरियाणातील एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सप्टेंबर २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला, की सुदृढ सज्ञान मुलीला कलम १२५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पोटगी मागता येणार नाही. मात्र १९५६ च्या कायद्याखाली ती स्वतंत्र दावा करू शकते. कौटुंबिक न्यायालयाला दोन्ही प्रकारचे अधिकार आहेत. ते जिथे नाही, तिथे दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. मुलगी अज्ञान असताना तिच्या वतीने आई अर्ज करते; सज्ञान झाल्यावर दावा मुलीच्या स्वतःच्या नावाने होतो.

मुस्लिम कुटुंबांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले, की घटस्फोटित आईकडे राहणाऱ्या मुलांचा खर्च ती सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत वडिलांनी द्यायचा आहे. मुलींच्या बाबतीत तो त्यांच्या लग्नापर्यंत. विशेष विवाह अधिनियमात आणि ख्रिश्चनांच्या घटस्फोट कायद्यात मुलांच्या खर्चाची तरतूद अज्ञान मुलांपुरती आहे.

सुदृढ सज्ञान मुलाची बाजू सर्वांत कमकुवत ठरते. त्याला पोटगीचा सरळ हक्क देणारे कलम वरील कायद्यांत नाही. मात्र शिक्षण अर्धवट सुटू नये म्हणून न्यायालयांनी काही वेळा मार्ग काढला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, मुलगा अठरा वर्षांचा झाला की वडिलांची जबाबदारी संपते आणि सगळा भार आईवर पडावा, हे मान्य केले नाही. मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमवू लागेपर्यंत त्या खर्चासाठी आईला दरमहा रक्कम देण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही एका वडिलांना मुलाच्या पहिल्या पदवीपर्यंत खर्च देण्यास सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मुलीच्या शिक्षणाच्या खर्चाला हक्काचे स्थान दिले आणि आई-वडिलांना त्यांच्या ऐपतीच्या मर्यादेत तो देण्यास भाग पाडता येते, असे म्हटले.

हे निर्णय त्या त्या प्रकरणातील परिस्थितीवर आधारलेले असल्याने परस्पर संमतीच्या घटस्फोटात लिहिल्या जाणाऱ्या अटी मोलाच्या ठरतात. ‘मूल सज्ञान होईपर्यंत’ असे लिहिले तर अठराव्या वर्षी रक्कम थांबते. ‘पदवी पूर्ण होईपर्यंत’ असे लिहून प्रवेश फी, वसतिगृह, वैद्यकीय विमा यांतील प्रत्येकाचा वाटा नमूद केला, तर कायद्याने जे मुलाला दिलेले नाही ते कराराने मिळते. वाढत्या फीनुसार रकमेत दरवर्षी किती वाढ करायची, हेही त्यातच ठरवता येते.

रक्कम ठरवण्याचे ठरावीक कोष्टक नाही. दोघांची मिळकत, राहणीमान, त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांची संख्या आणि मुलाच्या वाजवी गरजा न्यायालय पाहते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये देशभरासाठी निर्देश दिले. तेव्हापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे, कॉलेजच्या फीच्या पावत्या यांवर बहुतेक वाद सुटतात किंवा अडतात.

आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर कलम १४४ खाली वसुलीचे वॉरंट निघते आणि त्यानंतरही थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वसुलीचा अर्ज करावा लागतो. मूल सज्ञान झाले म्हणून आधीची थकबाकी माफ होत नाही. मुलीला नोकरी लागली, तिचे लग्न झाले किंवा देणाऱ्याची मिळकत घटली, तर रक्कम बदलून किंवा बंद करून घेता येते. त्यासाठीही न्यायालयाचाच आदेश लागतो. देणारा मरण पावला, तर १९५६ च्या कायद्यानुसार मालमत्तेत वाटा न मिळालेल्या अवलंबितांचा निर्वाह वारसांनी मिळालेल्या मालमत्तेतून करायचा असतो. मुलगा त्यात अज्ञान असेपर्यंतच मोडतो. मुलगी तिचे लग्न होईपर्यंत.